रंगाखालचा तडा

कुरखेड्याच्या कमरजहाँ मनियारणीला चालता चालता झोप लागायची. हे ती सांगायची तेव्हा लोक हसायचे, पण खरं होतं. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायाखाली रानवाट, दोन्ही अंगांना साग, आणि पाटीतल्या काचेची एकसारखी किणकिण. त्या किणकिणीत तिचे डोळे अर्धे मिटायचे आणि पाय आपले आपण चालत राहायचे. तीस वर्षांत पाटी एकदाही पडली नाही. त्या अर्ध्या झोपेत तिला एक निळी गाडी दिसायची. गाडी बेडगावचा घाट चढते आहे, मागे बांगड्यांची खोकी रचली आहेत, उघड्या खिडकीतून मोहाचा वास येतो आहे, आणि ती स्वतः पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली आहे. त्या स्वप्नातलं तिला सगळ्यात काय आवडायचं, तर ते पाय लांब करणं.

मालेवाडा, पुराडा, घाटावरचं कोरची, असे आठवड्याचे बाजार ती करायची. बायका पोत्यावर तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या, हात पुढे करायच्या आणि जगभराच्या गोष्टी सांगायच्या. कमरजहाँ त्यांच्या बोटांची हाडं दाबून हात लोण्यासारखा मऊ करायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची. तिचा कान तर वीस गावांत प्रसिद्ध. डझनभर बांगड्या एकदा हलवल्या की चांगल्या किण वाजतात आणि तडा गेलेली एक बद्द वाजते. ती बद्द वाजणारी कितवी, हे ती न बघता सांगायची.

तिच्या धंद्याचा एक जुना कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, तरी कोरचीपासून वडशापर्यंत सगळ्या बायकांना पाठ होता. भरताना फुटली तर मनियारणीची, भरल्यावर फुटली तर बाईची. भरताना सहा फुटल्या तर सहाही कमरजहाँच्या पदरात. पण बाई उठून दोन पावलं गेली आणि खळकन आवाज आला, की मग रडून उपयोग नाही. या कायद्यावरून तिनं कधी कोणाशी हुज्जत घातली नाही आणि कोणी तिच्याशी घातली नाही.

एकदाच तिच्या हातून लबाडी झाली होती. त्याला दहाएक वर्षं झाली होती. मुजफ्फर, तिचा नवरा, टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता आणि घरात माल संपत आला होता. घाटावरच्या एका गावात बुधरी नावाच्या पोरीचं लग्न होतं, तिकडच्या रीतीनं नवरदेवाच्या दारी. कमी पडलेली एक हिरवी बांगडी पाटीच्या तळाशी सापडली. तिला केसाएवढा तडा होता. कमरजहाँनं त्यावर लाख फिरवली, वर सोनेरी चमकी लावली आणि ती नवरीच्या उजव्या हातात भरली. बांगडी भरताना फुटली नाही. तिसऱ्या दिवशी फुटली, असं पुढच्या बाजारात कानावर आलं. भरल्यावर फुटली तर बाईची. कमरजहाँ काही बोलली नाही, आणि पुढं त्या गावाची वाटच तिनं सोडून दिली.

१९९८ साली तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. पाटी घेऊन खाली बसलं की उठायला दोन बायका लागायच्या. मुजफ्फरनं ट्रॅक्टर चालवलेला होता, लायसन होतं. तिच्या आईच्या चांदीच्या साखळ्या आणि घरामागचा जागेचा तुकडा विकून दोघं चंद्रपूरला गेली. तिथं एक जण जुन्या गाड्या विकायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याच्या आवारात एका कोपऱ्यात एक टेम्पो उभा होता, आणि तो निळा होता.

आता बाई स्वप्नात पाहिलेल्या रंगाची गाडी पाहते म्हटल्यावर तिचं अर्धं शहाणपण तिथंच संपलं. शेठ म्हणाला, पंच्याण्णवचं मॉडेल आहे, एकाच मालकानं चालवली, औषधाची खोकी वाहायची, जड माल कधी चढलाच नाही. मुजफ्फरनं टायर बघितले, हॉर्न वाजवला. कमरजहाँनं सवयीनं बोटाची गाठ वाकवून गाडीच्या अंगावर टकटक केलं. तेवढ्यात शेठच्या माणसानं आतला टेप मोठ्यानं लावला.

"ऐका ना भाभी, काय आवाज आहे!" शेठ म्हणाला.

आवाज खरंच झकास होता. त्यात बाकीचे सगळे आवाज बुडून गेले. मुजफ्फरनं एवढी मात्र हुशारी केली, की पावतीच्या पाठीमागं शेठकडून लिहून घेतलं, 'गाडीला मार नाही', म्हणजे आधी कुठं आपटलेली, तुटलेली नाही. पावतीच्या पुढच्या बाजूला खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'गाडी जशी आहे तशी विकली.' ते कोणी वाचलं नाही.

फाटकाबाहेर पडून गाडी पहिल्या खड्ड्यातून गेली आणि कमरजहाँनं मुजफ्फरचा हात धरला.

"थांबवा जी."

"काऊन? काय झालं?"

"बद्द वाजली."

मुजफ्फरनं गाडी उभी केली. फाटक मागं दिसत होतं. शेठ अजून दारातच उभा होता. "परत जाऊ का?" त्यानं विचारलं. कमरजहाँ त्या फाटकाकडे बघत बसली. बाजारात कोणी बाई उठून गेल्यावर परत आली, तर तिला काय वाटायचं, ते तिला आठवलं.

"नाई," ती म्हणाली. "भरली आता. आता आपली हाय."

अशी चूक दुसऱ्या कोणी केली नसती. दुसरा कोणी असता तर उतरून शेठच्या दारात भांडत बसला असता. ही बाई आपल्या इमानाचा कायदा घेऊन दुसऱ्याच्या बेइमानीत बसली आणि पाय लांब केले.

पण ते अकरा महिने! ते मात्र तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकलं नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी घाटात धुकं असायचं आणि टेम्पो त्यातून हळूहळू वर जायचा. मागं खोक्यांत हजार बांगड्या किणकिणायच्या. रानात मोर ओरडायचा. ती डोळे मिटायची आणि मग तिला कळायचं नाही, की स्वप्न डोळे मिटल्यावर सुरू झालं की उघडल्यावर. एकच गोष्ट चमत्कारिक होती. प्रत्येक बाजारात खोकी उघडली की बांगड्यांवर बारीक पांढरी धूळ असायची. गाडी धुतली तरी फटींमधून ती येतच राहायची. कमरजहाँ एकेक बांगडी पदरानं पुसायची. मुजफ्फर गमतीनं म्हणायचा, आपली गाडी पावडर लावते.

माघात एके दुपारी घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्या गाडीची कंबर मोडली. खालची चासी, जिच्यावर सगळी गाडी उभी असते, ती मधोमध तुटली. मुजफ्फरच्या गळ्याचं हाड मोडलं. कमरजहाँ दारातून बाहेर फेकली गेली ती पाचोळ्यात पडली, म्हणून वाचली. ती उठून बसली तेव्हा सगळा उतार लाल, हिरवा, निळा, पिवळा चमकत होता. हजार बांगड्यांची काच पानापानांवर पडली होती आणि वर ऊन होतं. इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, आणि या गोष्टीची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

पोचू मिस्त्रीनं गाडी ओढून आपल्या गॅरेजात आणली. तुटलेल्या जागेवरचा निळा रंग त्यानं पत्रीनं खरवडला आणि कमरजहाँला बोलावलं.

"पाह्य बाई. हे वेल्डिंगची रेघ. हे आधीच तुटलेली होती. जोडून वरून रंग मारला हाय. अन् हे पांढरं म्हणजे चुनखडी. गाडी खदानीत चालून राह्यली होती, औषध कायचं!"

कमरजहाँनं त्या रेघेवर बोट फिरवलं. ती रेघ तिच्या ओळखीची होती. पण घरी येऊन ती मुजफ्फरला एवढंच म्हणाली, "आपल्या हाती फुटली. नशीब आपलं." आणि गुडघ्याला फडकं बांधून तिनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली बापूराव टाइपरायटर घेऊन बसायचे. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, अंगात पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचं पेन. एप्रिलमध्ये त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, बांगड्या भरायला कमरजहाँ त्यांच्या घरी गेली. तिला ओट्यावरून उठताना पाहून बापूरावांनी सगळं विचारून घेतलं आणि ऐकता ऐकता ते चिडले.

"कमरबाई, तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा. सरकारचा ऐका. तीन रस्ते हायेत. एक, पोलिसात जा, फसवणूक म्हणून. शेठले शिक्षा झाली त होईन, पण तुमची गाडी तिथीच. दुसरा, दिवाणी कोर्ट. तिथी म्या बत्तीस वर्स काढली, माणसाचे केस पिकतात. तिसरा, ग्राहक मंच. फी नाई, वकील लागत नाई, साध्या कागदावर अर्ज. मात्र गाडी घेतल्यापासून दोन वर्साच्या आत गेलं पायजे. एक साल त तुम्ही मुक्यानंच घालवलं."

"गाडी भरली होती ना भाऊ मी."

"काय भरली?" बापूरावांनी कपाळाला हात लावला. मनकर्णाबाईंना मात्र ते लगेच कळलं, बांगड्यांचा तो कायदा त्यांनाही पाठ होता.

त्या उन्हाळ्यात बापूरावांनी चंद्रपूरच्या तीन खेपा केल्या. गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत अर्ज देऊन जुनी नोंद काढली. गाडी पंच्याण्णवची नव्हती, एकोणनव्वदची होती. मालक एक नव्हता, तीन होते. मधला गडचांदूरकडच्या खाणीवरचा ठेकेदार होता. बांगड्यांच्या डब्याच्या झाकणात ती पावती सापडली, पाठीमागच्या तीन शब्दांसकट. आधी शेठला रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली, पोच घेऊन. उत्तर आलं नाही. मग चंद्रपूरच्या मंचात तक्रार गेली. गाडी तिथंच विकत घेतली होती, म्हणून तिथंच. मंचानं एक तपासणारा माणूस पाठवला. त्यानं पोचूच्या गॅरेजात तुटलेली चासी बघून लिहून दिलं, की वेल्डिंग जुनं आहे आणि त्यावरचा रंग त्यानंतरचा.

मग सुरू झाल्या तारखा. पहाटेची बस, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल. खिडकीशी बसून कमरजहाँ डुलक्या घ्यायची आणि निळा टेम्पो बसच्या बाजूनं चालायचा, कधी पुढं, कधी मागं, रानातून, न मोडलेला. जागी झाली की कधी तारीख पुढं गेलेली असायची, कधी शेठचा वकील आलेला नसायचा. शेठनं लेखी जबाब दिला होता. गाडी जशी होती तशी विकली, बाईनं स्वतः ठोकून बघितली, शिवाय बाई धंदा करते, म्हणून ती ग्राहकच नाही. बापूराव म्हणाले, "भिऊ नका. पोटासाठी स्वतः राबतो त्याच्यासाठी गाडी घेतली, त तो ग्राहकच राह्यते. कायद्यातच लिहून हाय. फक्त विचारतीन तेवढंच सांगा. आवाजाचं त काढूच नका."

मंचात सहसा कागदच बोलतात. पण एका तारखेला शेठच्या वकिलानं बाईला दोन-चार प्रश्न विचारायची परवानगी मागितली. समोर एक अध्यक्ष आणि दोन सदस्य बसले होते. सदस्यांपैकी एक बाई होत्या. वर पंखा फिरत होता.

"बाई, बांगडीचा तडा तुम्ही आवाजावरून ओळखता, हे खरं का?"

"खरं."

"मग या गाडीचा आवाज तुम्ही ऐकला नाही?"

मागं बापूरावांनी मान हलवली. नाही म्हणा. एका शब्दाचं काम होतं. त्या एका शब्दावर गाडी होती, मुजफ्फरचा न उचलता येणारा खांदा होता, तिचे गुडघे होते. आणि दुसऱ्या बाजूला वीस गावांत नाव असलेला तिचा कान.

"ऐकला," कमरजहाँ म्हणाली. "शेठच्या फाटकाभाईर. पह्यल्या खड्ड्यात."

"तरी परत नेली नाही?"

"नाई."

"का?"

तिनं धंद्याचा कायदा सांगितला. वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्याच कायद्यानं, भरल्यावर फुटली तर बाईची. मला आणखी काही विचारायचं नाही."

बापूरावांनी डोळे मिटून घेतले. कमरजहाँ तशीच उभी राहिली. पंखा फिरत होता, आणि त्या घरघरीत तिला पाटीची किणकिण ऐकू यायला लागली, लांबून, जशी रानवाटेवर अर्ध्या झोपेत यायची. त्यात एक बद्द आवाज होता. हळदीचा एक हात तिच्यासमोर आला. हिरव्या बांगड्यांचा.

"साहेब," ती म्हणाली, "कायदा मी अर्धाच सांगतली. तडा आधीचा असन, अन् मले मालूम असन, अन् वरून मी रंग लावला असन, त भरल्यावरही ते बांगडी माझीच. बाईच्या हातात धा वर्स राह्यली तरी माझीच."

बाई सदस्यांनी पेन खाली ठेवलं. "असं तुम्ही कधी केलं आहे?"

शेठचा वकील हसला. कमरजहाँनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"एकडाव केलं. बारा साल झाले. तिले अजून सांगतली नाई. म्हणून त मले समजते ना बाई, शेठले मालूम होतं का नाई. मालूम असल्याशिवाय कोणी रंग नाई लावत."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. बाहेर आल्यावर बापूरावांनी आधी पानाची पिंक टाकली, मग म्हणाले, "तुम्ही बुडवलं का तारलं, मलेच समजून नाई राह्यलं."

दीड महिन्यानं टपालानं निकाल आला. बापूरावांनी कडुनिंबाखाली उभं राहून तो मोठ्यानं वाचला. दोष लपवून गाडी विकली, बाई ग्राहक आहे, 'जशी आहे तशी' हे शब्द लपवलेल्या दोषाला झाकू शकत नाहीत. शेठनं गाडी परत न्यावी, किंमत व्याजासह आणि खर्च द्यावा. मुजफ्फर तिथंच रडला. पोचूला पेढे गेले. शेठनं कुरकुर करत दिवाळीपर्यंत सगळं चुकतं केलं, आणि पुढच्या गाडीच्या वेळी पोचूला बरोबर नेऊन, आधी टेप बंद करायला लावून कमरजहाँनं टकटक केली. पण ते नंतरचं. निकाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हातात अजून काही नसताना, ती डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन कोरचीच्या बसमध्ये बसली आणि घाटावर उतरून रानातल्या त्या गावाकडे चालायला लागली.

या खेपेला तिला चालताना झोप आली नाही.

बुधरी अंगण सारवत होती. आता अंगानं भरलेली, दोन लेकरांची आई. सासू खाटेवर मोहफुलं निवडत होती. मनियारीणबाई इतक्या सालांनी आली म्हणून तिनं जागा करून दिली. कमरजहाँ बसली, पाणी प्यायली आणि तिनं बुधरीला समोर बसवलं. शेणाचे हात धुवून बुधरी बसली खरी, पण हात पुढं करेना.

"माझ्या हातात नोको भरू बाई. फुटते. माझा हात जड हाय."

"कोण म्हणते?"

बुधरी हसली, रोजचं काही सांगावं तसं. "सगळेच म्हणतेत. लग्नाची बांगडी तिसऱ्या दिवशीच फोडली ना मी. तवापासून मी काचेले हात नाई लावत."

कमरजहाँनं दाराकडे बघितलं. आत फळीवर काचेचे सहा गिलास उपडे ठेवलेले होते, पाहुण्यांसाठीचे. बारा वर्षं. तिच्या तोंडून शब्द निघेनात. मंचात साहेबांसमोर जे सहज निघाले होते, तेच.

"बुधरे," ती शेवटी म्हणाली, आणि सासूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "ते बांगडी तू नाई फोडली. तिले आधीच तडा होता. मले मालूम होतं. वरून लाख अन् चमकी मीच लावली. हात तुया जड नाई. माझी नियत खोटी होती त्या दिवशी."

मोहफुलं निवडणारे हात थांबले. बुधरी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग आपल्याच हातांकडे, उलटेसुलटे करून. कमरजहाँनं एकेक बांगडी दुसऱ्या बांगडीवर वाजवून दोघींना ऐकवली. सगळ्या किण वाजल्या. मग तिनं बुधरीचा हात घेतला, हाडं दाबली आणि सहा सहा भरल्या. एकही फुटली नाही. बुधरी रडत होती, पण हात हलू देत नव्हती.

मग सासूनं मोहाची टोपली बाजूला सारली.

"बुधरे," ती म्हणाली, "मनियारीणबाईले चहा आण. फळीवरच्या गिलासात आण."

बुधरी आत गेली. फळीवरून गिलास काढल्याचा आवाज आला आणि त्याला हिरव्या बांगड्या लागल्याचा. कमरजहाँनं तो कान देऊन ऐकला. मग बुधरी दारात आली, दोन्ही हातांनी गिलास धरून, एकेक पाऊल टाकत. अंगण ओलं होतं. तिनं गिलास आणून कमरजहाँच्या हातात दिला. काळा चहा होता, गूळ जरा जास्त पडला होता.